बंद राउटरवरून झालेलं बोलणं

महाकाळाच्या गावात आयुष्य काढून 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही' म्हणणारा माणूस लोकांना जरा विचित्रच वाटतो. मी तसा आहे. आमच्या उज्जैनला चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी ना कुणी चक्रतीर्थाच्या स्मशानातल्या साधूंचा एखादा किस्सा सांगत असतो, आणि मी चहा संपवून उठतो. या पानावरचे अनुभवही मी वाचतो ते मीनल, म्हणजे माझी बायको, मोठ्याने वाचून दाखवते म्हणून. प्रत्येक अनुभवाचं काहीतरी कारण काढून मी तिला सांगतो... वारा असेल, स्वप्न असेल, वायर लूज असेल. शेवटी तीच म्हणाली, तुझा स्वतःचा लिही न, मग बघू किती कारणं काढतोस.

म्हणून लिहितोय. मीनल या गोष्टीत आहे, तेव्हा तिखटमीठ लावायची सोय नाही.

ब्रॉडबँड आमच्याकडे नुकतंच आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी फ्रीगंजमधल्या एका खाजगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो आणि लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमच्या, नादी लागलो होतो. घरच्या मशीनवरून विंडोज काढून टाकलेलं होतं आणि त्याचा मला उगाच अभिमान होता. वडील रेल्वेत होते, ते जाऊन काही वर्षं झालेली. माधव नगरच्या घरात आई, मीनल आणि मी. खाली आईची खोली आणि स्वयंपाकघर, वर आमच्या दोन खोल्या. फोनची लाइन वरच्या खोलीत, त्यामुळे इंटरनेटचा मोडेम आणि त्याला जोडलेला वायरलेस राउटर, दोन्ही वरच, एकाच बोर्डावर लावलेले.

त्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण नंतर बरेच दिवस पलंगावरच. मध्य प्रदेशात तेव्हा लाइटचे काय हाल होते ते इकडच्यांना सांगायला नको — रोज कधीतरी लाइट जाणार म्हणजे जाणार. आईसाठी आम्ही एक लहानसा इन्व्हर्टर बसवला. त्यावर फक्त तिच्या खोलीतला पंखा, ट्यूब आणि एक प्लग. बाकी घर अंधारात.

आईची एकच बहीण, बेबी मावशी. ती काका गेल्यापासून मुलाकडे, नितीनकडे, टोरंटोला राहायची. आईचं हाड जोडून झालं न झालं तोच नितीनचा फोन आला की मावशीच्या हृदयाची झडप बदलावी लागणार आहे. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. आणि मावशी ऐन वेळी नाही म्हणत होती. आता या वयात मला कापू नका, जितके दिवस आहेत तितके राहू द्या, असं तिचं चाललं होतं. नितीनने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. काही उपयोग नाही. नितीन मला म्हणाला, "दादा, ती फक्त तिच्या ताईचं ऐकेल. माझ्याने होत नाही आता."

पण ताईचं ऐकायचं कसं? दोघी बहिणींना कमी ऐकू यायचं. फोनवर इकडून आई 'काय?' आणि तिकडून मावशी 'काय?' — यातच सगळा वेळ जायचा. कॉम्प्युटरवरून बोलणं त्यांना जमण्यासारखं होतं, कारण मोठे हेडफोन लावून आवाज हवा तितका वाढवता यायचा. मी आणि नितीनने आधी एकदा तसं बोलून पाहिलं होतं. अडचण एवढीच की इंटरनेट वर आणि आई खाली. तिला जिन्यावरून न्यायचा प्रश्नच नव्हता.

मी खिडकीतून केबल सोडली. वानरांनी ती झोका घेऊन तोडली. पुन्हा सोडली, पुन्हा तोडली. मग इंदूरच्या माझ्या पाठक नावाच्या मित्राकडून एक वायरलेस कार्ड आणलं, कॉम्प्युटर खाली आईच्या खोलीत मांडला, कार्ड आत बसवलं... आणि तिथून खरी झंझट सुरू झाली. त्या कार्डाच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, दिलेलाच नव्हता. विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सच्या गळ्यात मारायचा एक जुगाड तेव्हा चालायचा, तो मी करत बसलो. मीनल म्हणाली, सरळ विंडोज टाक न परत. मी म्हटलं, होतंय, होतंय.

झालं नाही. ऑपरेशनचा दिवस उजाडला. आमची दुपार म्हणजे त्यांची पहाट. नितीन मावशीला घेऊन पहाटेच निघणार होता — म्हणजे ती तयार झाली तर. त्याआधी दोघींना बोलायला तेवढाच काय तो वेळ. सकाळपासून मी क्लासला सुट्टी टाकून आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसलो होतो. मशीनला कार्ड दिसत होतं, ड्रायव्हर चढल्याचंही ते सांगत होतं, पण आजूबाजूला नेटवर्क शोध म्हटलं की एकच उत्तर — काही नाही. मोबाइलवरून पाठकला फोन लावला. तो म्हणाला, "निकाल के फिर से लगा, और भगवान का नाम ले." मी काढून परत बसवलं. देवाचं नाव घेतलं नाही, कारण मी घेत नाही.

आई सगळं बघत होती. मध्ये एकदा म्हणाली, नाही जमत तर राहू दे रे, तू जेवून घे. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी स्क्रीनकडेच बघत राहिलो. तोच आदेश मी पुन्हा पुन्हा देत होतो, काही बदललेलं नसताना... हे करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी हसतो.

आणि एकदा उत्तर वेगळं आलं. एक नेटवर्क दिसलं. नावाच्या जागी काहीच नव्हतं, कोरं होतं. माझ्या राउटरला मी नाव दिलं होतं, पण त्या क्षणी मला वाटलं, जुगाडाचा ड्रायव्हर आहे, नाव वाचता येत नसेल. सिग्नल पूर्ण. मी जोडलं, ते लगेच जोडलं गेलं. बोलायचं सॉफ्टवेअर उघडलं, नितीन वाटच बघत होता. मी आईच्या कानांना हेडफोन लावले, तिच्यासमोर माइक धरला. तिने माझ्या हातातून तो घेतला आणि म्हणाली, "बेबे, मी बोलतेय."

मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मावशी रडत होती हे आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आईने मध्ये एकदाही 'काय?' म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "मी पण घाबरले होते. कुणाला सांगितलं नाही एवढंच. त्यांनी सुई दिली, आणि डोळे उघडले तर मीनल पेज घेऊन उभी. मधलं काही नसतंच ग. तुला उठल्यावर नितीन दिसेल."

मला तिथे थांबणं बरं वाटेना. आईने तिची भीती मला कधी दाखवली नव्हती. मी मीनलला आनंदाची बातमी द्यायला वर गेलो. ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन येत होती. मी म्हटलं, लागलं, बोलताहेत दोघी. तिने विचारलं,

"कशावर बोलताहेत? लाइट तर केव्हाची गेलीय."

मी राउटरकडे पाहिलं. एकही दिवा लागलेला नव्हता. मोडेमचाही नाही. बोर्डाचं बटण चालू-बंद करून पाहिलं, पंख्याचं पाहिलं. काही नाही. मीनल म्हणाली, तू खाली शेवटचा पाठकला फोन करत होतास ना, त्याच्याही आधी गेली. खाली इन्व्हर्टरवर पंखा चालू होता, स्क्रीन चालू होती, मला कळलंच नव्हतं.

आम्ही दोघं जिन्यावरून खाली आलो. दारातून आईचा आवाज येत होता. ती आता हसत होती. मावशीला लहानपणी रतलामला बोरं खाऊन पोट कसं दुखलं होतं ते सांगत होती — आणि मध्येच थांबून समोरचं उत्तर ऐकत होती, आणि त्यावर पुन्हा हसत होती. स्क्रीनवर नितीनचं नाव होतं, कॉल चालू होता. मीनलने माझा दंड धरला. हळूच म्हणाली, हात लावू नकोस कशालाच. मी लावला नाही. आम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिलो. खरं सांगू? भीती अशी वाटली नाही. आतून फार शांत वाटत होतं... देवळाच्या ओट्यावर दुपारी बसल्यावर वाटतं तसं.

आई म्हणाली, "जा मग आता. देवाला नमस्कार करून जा," आणि हेडफोन काढू लागली. तेवढ्यात लाइट आली. पंखा क्षणभर अडखळून जोरात फिरायला लागला, आणि स्क्रीनवर कॉल तुटला. मी धावत वर गेलो. राउटरचे दिवे एकेक करत लागत होते. खाली येऊन पुन्हा शोध घेतला. काही नाही. राउटर चालू, आणि कार्डाला काहीही दिसत नाही.

थोड्या वेळाने नितीनचा फोन आला, ते गाडीत बसले होते. मावशी तयार झाली होती. तो म्हणाला, आवाज इतका स्वच्छ कसा होता रे? इंटरनेटवर बोलताना शब्द जरा मागाहून पोचतात, तो मधला वेळच त्या दिवशी नव्हता. त्या दोघी एका खोलीत बसल्यासारख्या एकमेकींचं वाक्य तोडत बोलत होत्या. मी त्याला तेव्हा काहीच सांगितलं नाही. ऑपरेशन नीट झालं. डोळे उघडल्यावर मावशीला नितीन दिसला.

पुढे मी जे करायचं ते सगळं केलं. पाठकला सांगितलं तर तो म्हणाला, "पड़ोसी का नेटवर्क पकड़ लिया होगा." आमच्या एका बाजूला रिकामा प्लॉट, दुसऱ्या बाजूला एक म्हातारं जोडपं, त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. शिवाय लाइट सगळ्या गल्लीचीच गेली होती. पुढे पाठकनेच योग्य ड्रायव्हर शोधून दिला, कार्ड चालू झालं, पण आईच्या खोलीत सिग्नल जेमतेम यायचा आणि आवाज तुटक. लाइट गेली की तोही नाही. ते बिननावाचं नेटवर्क मला पुन्हा कधी दिसलं नाही. शोधलं मात्र खूप.

पुढच्या हिवाळ्यात मावशी उज्जैनला आली. आई वॉकर घेऊन तिला आणायला फाटकापर्यंत गेली. महिनाभर दोघी आईच्या पलंगावर पाय पसरून बसायच्या, मटार सोलायच्या, एकमेकींशी ओरडून ओरडून बोलायच्या. एक दिवस मी धीर करून त्यांना सगळं सांगितलं — राउटर बंद होता, मोडेम बंद होता, ते बोलणं व्हायलाच नको होतं. मावशीने ऐकून घेतलं आणि आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "झालं ना पण बोलणं? मग तू कशाला त्रास करून घेतोस." आणि मटार माझ्यापुढे सरकवले.

दोघी आता नाहीत. चांगलं जगून, एकमेकींना बरेचदा भेटून गेल्या.

मी अजून शिकवतो. नेटवर्क चालत नसेल तर काय करायचं, याच्या पहिल्याच तासाला मुलांना सांगतो — आधी बघा, समोरच्या यंत्राला वीज आहे का. वीज नसेल तर पुढचं काही तपासूच नका. हे वाक्य मी दर वर्षी बोलतो, आणि दर वर्षी ते बोलून झाल्यावर मिनिटभर फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. कारण ते बोलणं कशावर झालं, मला अजून माहीत नाही. मीनलला विचारलं तर ती म्हणते, मलाही नाही.