तात्याराव गवंड्याच्या भिंती

तात्याराव गवंडी सत्तरीला टेकले, तरी तीस सप्टेंबर जवळ आला की शाळा त्यांनाच बोलावते. त्र्याण्णवचा भूकंप पोरांनी पुस्तकात चार ओळींत वाचलेला. तात्याराव दरवर्षी तेच सांगत. पहाटे जमीन हलली, मातीच्या छपराची माळवदं खाली आली, एकेका चितेवर कितीजणांना ठेवावं लागलं. पोरं गप्प बसत, बाई डोळे पुसत, मग चहा होई. सांगणारा मोकळा, ऐकणारेही मोकळे.

यंदा नववीतली प्रीती उठली. भूकंप तर दुसरीकडंही होतात, मग आपल्याकडंच एवढी माणसं कशी मेली, असं तिनं विचारलं.

तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि तात्यारावांना तेच बरं वाटत आलं होतं. शेवटी त्यांनी फळ्यावर भिंत काढली. आतून दगडाचा एक थर, बाहेरून एक, मधे नुसता चिखल आणि खडी. दोन्ही थर धरून ठेवायला अधूनमधून आरपार लांब दगड घालावा लागतो. तो नसला की भिंत झोपलेल्या माणसांवर फुटते.

प्रीतीचा चेहरा उतरला. शाळा सुटल्यावर ती त्यांना थेट घरी घेऊन गेली. पुनर्वसनातल्या घराला लागून तिच्या वडिलांनी, प्रसेनजितनं, नुकतीच एक खोली वाढवली होती. दगड भूकंपात पडलेल्या जुन्या गावातून ट्रॅक्टरनं आणलेले, फुकटात. त्याच भिंतीलगत प्रीतीची आजी बाजेवर पडून असायची. लकव्यानं तिला उठता येत नव्हतं.

तात्यारावांनी हातोडीनं भिंत वाजवली, खाली, वर, कोपऱ्यात. सगळीकडं पोकळ आवाज. गेल्या महिन्यात दोनदा जमीन गुरगुरली होती, ते त्यांना आठवलं.

"ही पाडा," ते म्हणाले.

प्रसेनजित हसला. सोयाबीन निघू द्या, मग बघू म्हणाला. इतक्या वर्षांत कुणाची भिंत पडली, असंही त्यानं विचारलं.

प्रीतीला हसू आलं नाही. "तात्या, तवाच्या लोकांनी पण असंच म्हणलं हुतं व्हय?"

"न्हाय पोरी. त्यांना कुणी सांगितलंच न्हवतं." तात्याराव उंबऱ्यावर बसले. "लांब दगड घडवायला दिवस मोडायचा, म्हणून मी घालायचो न्हाय. अकरा घरं बांधली हुती म्या त्या गावात. मला ठाऊक हुतं."

प्रसेनजितनं आईच्या बाजेचं एक टोक धरलं, दुसरं प्रीतीनं. दोघं बाज उचलून अंगणात नेऊ लागले. तात्यारावांना मात्र उठून बाजेला हात लावायचा धीर झाला नाही.