लाईन सोडायची नाही

मांद्र्याच्या ज्या गेस्टहाऊसात मी रिसेप्शनला बसायचे, ते पावसाळाभर बंद असायचं. त्या वर्षी सीझन संपताना एका परदेशी पाहुण्याने आपला टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा मलाच देऊन टाकला. रिकाम्या दुपारी तो मला खेळायला शिकवायचा, म्हणून. डबा, रिमोट आणि एकुलता एक गेम चादरीत गुंडाळून मी बसने डिचोलीला घरी आले. घरात बाबा होते आणि अंगणात बाबांचा ट्रक. खाणी बंद झाल्यापासून दोघंही जागचे हलले नव्हते.

बाबांनी जन्मभर खनिजाचा ट्रक चालवला. खाणीवर भरायचा, नदीकाठच्या जेटीवर ओतायचा, परत खाणीवर. आमचं मूळ घर सावंतवाडीकडचं. आजोबा खाणीवर मजुरीला आले ते इथलेच झाले, पण घरात बोलणं अजून मालवणीच. खाणीच्या गेटाबाहेर ट्रकांची लाईन लागायची आणि त्या लाईनीचा कायदा एकच होता. लाईन सोडलीस की नंबर गेला, मग जा शेपटाला. बाबा लाईनीतच जेवायचे, लाईनीतच झोपायचे. माझ्या बारशाला पण ते म्हणे लाईनीतच होते. आई भांडण झालं की अजून ते उकरून काढते.

आता ना खाण, ना लाईन. तरी ट्रकाचं तोंड रस्त्याकडे. सकाळी पावाचा पोदेर भोंगा वाजवत गेला की बाबा केबिनमध्ये चढायचे, इंजिन चालू करायचे, थोडा वेळ घरघरवायचे आणि बंद करायचे. मग कदेलीवर येऊन बसले की दिवेलागणीपर्यंत त्या खुर्चीतून उठायचं नाव नाही. हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. माझं डोकं फिरायचं. माणूस आजारी असला तर औषध तरी देता येतं, ह्याला काय द्यायचं?

आईचा भाऊ तुयेच्या एका कारखान्यात होता. तिथे कामगारांची ने-आण करणाऱ्या बसचा ड्रायव्हर गणपतीच्या चवथीनंतर काम सोडून जाणार होता. मामाने साहेबाकडे शब्द टाकला आणि आईला फोन केला, "भावोजींका चवथीआधी येऊन भेटाक सांग. नायतर ते दुसरो ड्रायव्हर बघतले."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी थंय गेलंय आणि हंय खाण सुरू झाली तर? माझो नंबर जातलो."

अहो, लाईनच नाही तर नंबर कसला! मी ओरडले, आई रडली. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हा मी त्यांच्या हातात रिमोट दिला. मला वाटलं, तोंडाने सांगून ऐकत नाहीत तर हाताला कळू दे. त्या गेमात मोकळं रान आहे. डोंगर, नद्या, पडके वाडे, आणि तुमचा एक शिपाई, घोड्यावर. कुठूनही कुठे जा, कोणी अडवत नाही. सुरुवातीलाच समोर एक किल्ल्याचं गेट लागतं आणि गेटापुढे हातोडा घेतलेला राक्षस. नवशिक्याने त्याच्या वाटेला जायचंच नसतं. तो पहिल्याच फटक्यात चटणी करतो. त्याला बगल देऊन निघून जायचं, हा त्या खेळातला श्रीगणेशा.

बाबांनी घोडा रस्त्याच्या डाव्या कडेने नेला, गेटाच्या थोडा अलीकडे उभा केला आणि रिमोट मांडीवर ठेवला.

"काय झाला?" मी विचारलं.

"नंबर लागाक व्हयो."

मी पोट धरधरून हसले. तेही हसले, जरासे. किती महिन्यांनी मी त्यांचे दात बघितले!

मग मी मास्तरीण झाले. घाव येतो तेव्हा ढाल धरून ठोंब्यासारखं उभं राहायचं नाही, बाजूला लोळायचं. ती हिरवी पट्टी म्हणजे दम. सगळा दम वार करण्यात उडवायचा नाही, पळण्यापुरता ठेवायचा. वाटेत दिवा दिसला की टेकायचं, जखमा भरतात, आणि पुढे मेलात तर त्याच दिव्यापाशी जिवंत होता. मेल्यावर कमाई मेल्या जागी पडून राहते. जाऊन उचलायची, पण वाटेत परत मेलात तर ती गेली, तिच्या नावाने रडत बसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, जो आवरत नाही त्याला सोडायचं. दुसरीकडे जायचं, चार गोष्टी कमवायच्या, अंगात ताकद आली की परत यायचं. राक्षस कुठे पळून जात नाही.

ट्रकवाल्याचे हात ते, लोळायला चार दिवसांत शिकले. दिवेही शोधून काढायला लागले. पण राक्षसाला सोडणं काही जमेना. हातोडा, मरण, दिवा, की येरे माझ्या मागल्या, स्वारी परत गेटावर. एकदा तर उभे राहून हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या राक्षसाक आडवो कर रे म्हाराजा!"

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "व्हय म्हाराजा! आणि ह्या माणसाक उभो कर रे म्हाराजा!"

हातोडा बसला आणि बाबा पुन्हा मेले.

"शिरा पडो त्याच्या तोंडार," मी म्हटलं. "बाबा, सोडा मा त्याका! घोडो फिरवा."

"मी सोडलंय आणि माझ्या जाग्यार दुसरो इलो तर?"

"ह्येच्यात दुसरो कोण नाय. ह्या सगळ्या रानात तुमी एकटेच."

"एकटोच?" ते पडद्याकडे बघत राहिले. "मगे येवढा रान कोणासाठी केल्यानी?"



आणि एका दुपारी, देवाला काळजी, त्यांनी घोडा फिरवला. मी भाजी चिरत होते, तशीच विळी सोडून धावले. ते नदीने गेले, दलदलीतून गेले, झाडपाला गोळा केला. एका गुहेत खडक फोडून धातू काढायचा होता, तो फोडता फोडता म्हणाले, "हलक्या ग्रेडचा आसा ह्या. जेटीवर घेवचे नाय." त्या धातूने तलवारीला धार लावून घेतली. मग रोज नवा मुलूख. जेवताना बोलायला लागले. आईला सांगायचे, आज मी अमुक डोंगर चढलो, तमक्याला लोळवलं. आई म्हणायची, "मोठे शूर! जरा माडावरचे नारळ काढा." आणि खरंच, गडी बोलावून त्यांनी नारळ काढून घेतले.

एकदा भात कालवता कालवता म्हणाले, "सोमवारी तुयेक जाऊन येतंय."

आईने देवापुढे साखर ठेवली. मी त्यांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली. काय सांगू, मला इतका आनंद झाला होता की इस्त्री करताना मी गात होते.

सोमवारी ते तुयेच्या वाटेवरची म्हापशाची बस धरायला तिठ्यावर गेले आणि थोड्या वेळात चालत परत आले. तिठ्यावर कोणीतरी बातमी दिली होती की खाणी सुरू होतायत, ट्रकवाल्यांनी गाड्या तयार ठेवा. असल्या बातम्या आमच्याकडे दर महिन्याला पिकायच्या. बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, बादली घेतली आणि ट्रक धुवायला लागले.

मी तोंडाला येईल ते बोलले. शेजारी खिडकीत आले तरी थांबले नाही. मामा तिकडे साहेबाच्या दारात उभा आहे, त्याच्या तोंडाला काळं फासलंत, म्हटलं. ते टायर घासत राहिले. माझा आवाज बसला तेव्हा मान वर न करता म्हणाले, "माका लाईन सोडूक येना नाय गो बाय."

चवथ आली आणि गेली. बातमी वाऱ्यावर गेली. मामाने मला फोन करून सांगितलं की नवा ड्रायव्हर कामावर लागला. तो रागावलासुद्धा नाही, आईची तब्येत विचारून फोन ठेवला. त्यानंतर एका सकाळी पोदेर भोंगा वाजवत गेला, बाबा केबिनमध्ये चढले आणि इंजिन लागलं नाही. किल्ली फिरवत राहिले. नुसतं कट् कट्. मग तेही थांबलं.

बाबा घरात आले आणि त्यांनी आपण होऊन गेम लावला. घोडा थेट गेटावर नेला. रानात फिरून अंगात ताकद आली होती, तलवारीला धार होती. ते लोळले, उठले, दम राखून वार केले. एकदाही चुकले नाहीत. मी शिकवलेलं सगळं त्यांच्या हातात होतं. राक्षस गुडघ्यावर आला आणि कोसळला. गेट करकरत उघडलं.

माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. मी उडीच मारली. "जावा, बाबा, भितर जावा! खरो खेळ आता सुरू जातलो!"

बाबांनी घोडा रस्त्याच्या डाव्या कडेला घेतला. गेटाच्या थोडा अलीकडे उभा केला. रिमोट मांडीवर ठेवला.

"फुडे किती गाड्ये आसत?" त्यांनी विचारलं.

ते आता हसतील म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"कोण नाय, बाबा," मी म्हटलं. "फुडे कोणच नाय."

"म्हणजे पयलो नंबर आमचोच," ते म्हणाले, आणि उघड्या गेटाकडे बघत पाय लांब करून बसले.