कच्च्या आवृत्तीचे बीटाकाका

बीटाकाकांचा फोन बारा महिने आजारी असायचा, आणि तो आजार ते स्वतः घरी आणत. फोनच्या कंपन्या नवी प्रणाली पक्की होण्याआधी तिची कच्ची आवृत्ती लोकांना वापरून बघायला देतात. तिला बीटा म्हणतात. कोणीही उतरवून घ्यावी, फक्त रोजच्या फोनवर टाकू नये, अशी सूचना असते. काकांकडे फोन एकच होता. ती सूचना ते मला मोठ्याने वाचून दाखवत.

"बघ, 'अडचणी येऊ शकतात' म्हणतायत. किती प्रामाणिक माणसं! लग्नात हिच्या वडिलांनी तरी असं सांगितलं होतं का?"

"तुमच्या वडिलांनी पण नव्हतं सांगितलं," आतून काकींचा आवाज येई.

विक्रोळीच्या आमच्या इमारतीत काका शेजारीच राहत. पंख्यांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. पंखा गिऱ्हाइकाच्या घरी कुरकुरण्याआधी आपल्या कानाशी कुरकुरला पाहिजे, असं ते म्हणत. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही. काकींच्या आमटीची तपासणी त्यांनी एकदाच करून पाहिली. मग बीटा सापडली.

फोन तापायचा. कॅमेरा उघडताच मिटायचा. मुलुंडच्या भाचीच्या साखरपुड्याला काका व्हिडिओ कॉलवर शेवटपर्यंत उलटे दिसले. एका आवृत्तीत त्यांच्या आडनावातलं जोडाक्षर फुटलं आणि कुऱ्हाडेंचे तुकडे झाले. दुसरा कोणी वैतागला असता. काका दिवसभर खुशीत होते. तक्रार ते कंपनीला सप्रेम नमस्कार घालून मराठीत लिहीत.

"काका, तिकडे मराठी कोण वाचणार?"

"अरे, मराठीत मोडलेलं इंग्रजीत कसं सांगू?"

उत्तर कधीच आलं नाही. काका म्हणत, कामात असतील.

मग एकदा काकी घाटकोपरच्या बाजारात पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. दवाखान्यातून त्या काकांच्या फोनवर फोन करत राहिल्या, आणि इकडे काका तोच फोन हातात धरून बॅटरीची तक्रार लिहीत होते. तो वाजलाच नाही. शेवटी काकींनी मला कळवलं. आम्ही पोचलो तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं.

"लिहा आता तुमच्या कंपनीला," काकी म्हणाल्या, "बायको पडली तरी कळत नाही म्हणून."

घरी येऊन काकांनी ती तक्रार लिहिली, नमस्कार न घालता. मग फोनमधलं सगळं पुसून पक्की आवृत्ती घातली.

फोन ठणठणीत झाला आणि काकांचा चेहरा उतरला. कोणी विचारलं, की "झकास चाललाय" म्हणत. पण सुतकातल्या माणसासारखं. काकी वर्षभर बघत होत्या. पुढची बीटा आली तेव्हा त्यांनी स्वतःचा फोन काकांपुढे ठेवला.

"यात टाका. तुमचा चांगला राहू दे."

"आणि तू पडलीस तर फोन कशावरून करणार?"

"ओरडेन. घाटकोपरहून विक्रोळीला ऐकू येईल."

तपासनीस म्हणून काकी काकांपेक्षा सरस निघाल्या. "अहो, हे बटण काल इथे होतं, कोणी हलवलं?" असं त्या भाजी निवडताना ओरडत, आणि काका घाईघाईने लिहून घेत. त्या घरात इतकं बोलणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

यंदा काकी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "नवीन बीटा आलीय म्हणे. टाकून दे."

"काकी, आता एकट्या असता. बंद पडला तर?"

"पडू दे रे. नीट चालला तर मी दिवसभर करू काय?"

मी टाकून दिली. आठवडाभरात दारावर बेल. घड्याळाचे आकडे अर्धे कापलेले दिसत होते. काकींनी उभ्याउभ्याच तक्रार सांगितली, मी लिहून घेतली. खाली नाव कोणाचं घालू, विचारलं.

"त्यांचंच घाल," काकी म्हणाल्या. "तिकडे त्यांना ओळखतात."