शुक्रवारी ती घरी कशी?

बहारीनमध्ये, मनामातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी पंचवीसेक वर्षं तिकिटं काढते आहे, तेव्हा मला कुणी भोळी समजू नये. काउंटरपलीकडचा माणूस "आई आजारी आहे" म्हणतो, तेव्हा ती खरंच आजारी आहे की ह्याला नोकरी टाकून पळायचंय, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून कळतं. परतीचं तिकीट नको म्हणणाऱ्यावर तर माझा कधीच विश्वास बसत नाही. आणि माझ्याच पोटच्या पोरीने शिकायला फ्रान्सला जाताना सांगितलं होतं, मम्मी, परतीचं नको!

ती गेली, शिकली आणि तिथल्याच एकाशी लग्न करून बसली. कँपेर नावाचं शहर, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत. पॅरिसहून गाडीत बसलं की शेवटचं स्टेशन. जावई लाकडी होड्या दुरुस्त करतो, म्हणजे हातावर पोट. मुलगी मासे डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात. वसईची पोर एवढ्या लांब जाऊन पुन्हा मासळीतच पडली, असं तिचे पप्पा हसून म्हणाले होते. मला काही हसू आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिचे पप्पा गेले. त्यानंतर मी सुट्टी मिळेल तशी कँपेरला जायला लागले. एजन्सीमुळे तिकीट स्वस्तात पडतं, व्हिसाही लांब मुदतीचा मिळाला होता. लोकांना सांगायचे, फिरायला चाललेय. कसलं डोंबलाचं फिरायला! पोर सुखात आहे की नुसती तसं सांगते, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

पहिल्यांदा गेले ती नाताळात. संध्याकाळ व्हायच्या आतच अंधार, आणि थंडी अशी की माझे बहारीनचे स्वेटर म्हणजे पातळ ओढण्याच. ओदे नदी शहराच्या मधून वाहते आणि तिच्यावर पावलापावलाला छोटे पूल. मी जावयाला विचारलं, एवढे पूल कशाला, पळून कुणाला जायचंय? मुलीने त्याला काहीतरी वेगळंच सांगितलं असणार, कारण तो खूश होऊन हसला. नाताळच्या मिस्सेला तिथल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये गेलो. दोन उंच मनोरे, सगळं दगडी, शेकडो वर्षांचं. मधोमध उभी राहून वेदीकडे बघते तर काय, चर्चच वाकडं! मध्येच एका बाजूला कललेलं. असं का बांधलं, म्हटलं. जावई म्हणाला, नक्की कुणालाच माहीत नाही. आता "कुणालाच माहीत नाही" हे उत्तर मी काउंटरवर पोरासोरांकडूनही ऐकून घेत नाही. आणि मनामात शुक्रवारच्या मिस्सेला उभं राहायला जागा नसते, इथे नाताळ असून मागचे बाक रिकामे. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

ईस्टरला गेले तर तेच शहर नटून बसलेलं. पुलांच्या कठड्यांवर फुलांच्या कुंड्या, तिरप्या लाकडी पट्ट्यांची जुनी घरं उन्हात रंगीत दिसत होती. सकाळी नदीत नुसता चिखल होता, दुपारी बघते तर पाणी वर चढलेलं. मी वसईची, भरती मला कुणी शिकवायला नको. पण शहराच्या पोटात भरती येते, हे पोरीने मला आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, "Mummy, you never asked." मराठी सगळी समजते, पण शाळेपासून उत्तरं इंग्रजीतच. ती हडकलेलीही वाटली. मी सुटकेसमधून आणलेले सुके बोंबील तिने मिटक्या मारत खाल्ले, तेव्हा मला वाटलं, हिला घरात पोटभर मिळत नाही.

ऑगस्टात गेले तेव्हा रात्रीच्या जेवणाला बसलो तरी बाहेर लख्ख उजेड. नदीकाठी बसून काळसर पिठाचं ते घावनासारखं काहीतरी खाल्लं, वर खारं लोणी. चांगलं लागलं, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर जावई भांडी घासायचा. रोज! माझ्या नवऱ्याने आयुष्यात कप विसळला नाही, तरी त्याच्यावर माझा डोळे मिटून विश्वास होता. हा का घासतो? काय झाकायचंय ह्याला?

ह्या सगळ्या काळात माझा एक नेम होता. शुक्रवारी मिस्सा आटोपून मनामातल्या झिंज भागात माझ्या घरी आले की पहिला फोन पोरीला. परक्या मुलखात तिच्याशी मराठी बोलणारं कोण आहे? मिस्सेनंतर आमच्या बायका उम्म अल हस्सम भागात एकीच्या घरी जमून जेवतात. मला बोलावून बोलावून थकल्या. मी म्हणायचे, खलास, माझी पोर वाट बघत असेल. आणि ती खरंच पहिल्या रिंगला फोन उचलायची. घरातल्या कपड्यांत, केस मोकळे, पुढ्यात कॉफी. तास-तास बोलायचो.

सप्टेंबरात एक गिऱ्हाईक आलं. शुक्रवारी सकाळी पॅरिसला मीटिंग, म्हणून गुरुवारचं तिकीट हवं. मी म्हटलं, साहेब, शुक्रवारी कोण मीटिंग ठेवतं? तो हसायला लागला. "मॅडम, वहाँ तो फ्रायडे को ऑफिस होता है!"

माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. इतकी वर्षं गल्फमध्ये राहून शुक्रवार म्हणजे सुट्टी हे माझ्या हाडात मुरलंय. मी गेले तेव्हा सुट्टीचेच दिवस असायचे, म्हणून डोक्यात आलंच नाही. पण मग शुक्रवारी सकाळी ही घरी कशी? दर शुक्रवारी? नोकरी गेली हिची! गेली, आणि मला सांगत नाही. त्या होडीवाल्याच्या कमाईवर दिवस काढतेय. फोनवर आडून आडून विचारलं, ऑफिस कसं चाललंय? "Fine, Mummy." ताकास तूर लागू देईना. मी जास्त विचारलं नाही. परतीच्या दोन सीट धरल्या, एक माझी, एक तिची. मनामातल्या एका क्लिनिकच्या ऑफिसात तिच्यासाठी शब्दही टाकून ठेवला.

ऑक्टोबरात गेले तेव्हा पाऊस चिकट, बारीक. काठावरची झाडं पिवळी, नदी गढूळ. आठवडाभर बघितलं, पोरगी रोज सकाळी पर्स घेऊन बाहेर पडत होती. नाटक, मी म्हटलं. एके दिवशी तिच्या मागोमाग नदीकाठाने निघालेही, पण वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि ती कुठल्या पुलावरून वळली ते हुकलं.

शुक्रवारी मात्र ती घरीच. कॉफी ओतत होती. जावईही अजून कामावर गेला नव्हता.

"आज ऑफिस नाही?" मी विचारलं.

तिने नवऱ्याकडे बघितलं. म्हटलं, त्याच्याकडे काय बघतेस, मी विचारतेय! नोकरी गेली ना तुझी?

'ऑफिस' एवढा शब्द त्याला कळला असावा; उत्तर त्याने दिलं, त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. नोकरी आहे. पण पप्पा वारले तेव्हापासून ती आठवड्याला चारच दिवस काम करते, पगार कमी घेते. शुक्रवार तुमच्यासाठी ठेवलाय. चर्चमधून येऊन तुम्ही रिकाम्या घरात एकट्या बसू नये म्हणून.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्यासाठी? तू एकटी पडू नयेस म्हणून फोन मी करत होते! बायकांची जेवणं सोडली मी तुझ्यापायी!"

"But I'm not alone, Mummy!"

"मला विचारलंस का पगार सोडताना? मी तुझं तिकीट काढलंय. रविवारी निघायचं माझ्याबरोबर."

"तिकीट? Did you ask me?"

जावई भिंतीला टेकून उभा होता. त्याला शब्द कळले नसतील, पण भांडण कळलं. आमच्या फोनची ती वेळ, आणि आम्ही एकाच टेबलाशी समोरासमोर.

मग तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली. मराठीत बोलली, लहानपणी ताप आला की बोलायची तशी. "मम्मी, त्या घरात तुला एकटीला झोप येते का गं?"

हे दोन वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणणार होते, मला काय धाड भरलीय. तिला न्यायला आले, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर झिंजच्या त्या दाराचं कुलूप मला एकटीने उघडायचं नव्हतं.

"नाही येत," मी म्हणाले आणि जावयाच्या देखत हुंदके देऊन रडले.