पेवातला आवाज

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं माझं मलाच हसू येतंय. पण लिहायला जिवंत आहे ती त्या प्रसंगामुळेच... तेव्हा ऐका.

१९९६-९७ चा हिवाळा. मी पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. कोडोलीपासून थोड्या अंतरावर, नदीकाठच्या टेकाडावर आमचं उत्खनन चालू होतं. लोखंड ठाऊक नसलेल्या काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती – चुली, जळके दाणे, झोपड्यांच्या खांबांचे खळगे.

एका दुपारी सगळे भाकरी खायला झाडाखाली गेले. मी मात्र खड्ड्यातच! तळाला एक सपाट दगड सकाळपासून मला छळत होता. पहारीनं सरकवला, तर खाली पोकळी... पेव! धान्य साठवायला जमिनीत खणलेलं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. ते वस्तीपेक्षा बरंच अलीकडचं होतं हे कळत होतं, पण इतकं शाबूत! उत्खननाचे प्रमुख, आमचे सर, कामासाठी कोल्हापूरला गेलेले. ते यायच्या आत आपण आधी बघावं, असा हावरटपणा सुटला. शिडी लावली, मोजायचा टेप कमरेला खोचला आणि एक पाय आत सोडला.

"आधी दिवा सोड. मरायचं हाय व्हय?"

बाईचा आवाज. चांगलाच चिडलेला.

मी वर पाहिलं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या बायकांची मुकादम हौसाबाई भाकरी हातात घेऊन खड्ड्याच्या काठाशी येत होती.

"हौसाबाई, ओरडताय कशाला?"

"मी कवा वरडलो? मी आत्ता येतोय न्हवं!" मग तिला पेव दिसलं. "अगं बया! ताई, पाय काढा भाईर! बंद पेवात दिव्याबिगर कोण उतरतंय व्हय? माझा मामा असाच गेला की!"

तिनं कंदील पेटवून दोरीनं आत सोडला. हातभर खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मी शिडी वर ओढून घेतली. कुजल्या धान्यानं आतली हवा विषारी झालेली, माणूस दोन श्वासांत आडवा. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत, आणि मी एम.ए.च्या वर्गात पहिली!

मनाचे खेळ म्हणावेत, तर दिवा सोडतात हे मी तोवर कधी ऐकलंच नव्हतं. हौसाबाईनं गळ्याची आण घेऊन सांगितलं, ती बोलली नव्हती. आणि खरं सांगू? आवाज वरून आलाच नव्हता. माझ्या पायाखालून आला होता.

दोन दिवस पेव उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला, तेव्हा मी उतरले. तळाशी काळी पडलेली माती, बाकी काही नाही. भिंतीला मात्र हातानं लिंपलेला गिलावा होता, त्यावर बोटांचे ठसे. बारीक बोटं, बाईचीच असावीत. मी त्यांच्यावर माझी बोटं टेकवली आणि वर सर उभे असताना मोठ्यांदा म्हणाले, "बाई, तुमचे फार उपकार झाले."

आवाज त्या बोटांच्या बाईचाच होता, असं मी म्हणत नाही. कुणाचा होता, हे इतक्या वर्षांनंतरही मला सांगता येत नाही. पण आभार कुणाचे तरी मानायचेच होते, आणि त्या पेवात दुसरं कुणी नव्हतं.