खिरणीच्या फांदीवरचं नाव

मी कलकत्त्याला निघाले त्या दिवशी आप्पा बागेतूनच थेट स्टेशनवर आले, नखांतली माती तशीच. ते हिमायतबागेत माळी होते. गाडी मनमाडपर्यंत, पुढं हावड्याची दुसरी. आईनं दशम्या बांधून दिल्या आणि एकच घोकत राहिली, "तिथलं पाणी उकळून पेत जा." भाऊ सामान चढवत होता. त्याची नवी नवरी सुमन आप्पांच्या शेजारी उभी होती. गाडी हलली तसा आप्पांनी मला हात केला आणि हातातली पिशवी सुमनकडं दिली. मला ते तेव्हाच खुपलं. त्यांची पिशवी धरायचं काम लहानपणापासून माझं होतं.

हुगळीकाठच्या जुन्या बोटॅनिकल गार्डनमध्ये मला नोकरी लागली होती. झाडांत नव्हे, कपाटांत. गावोगावहून आलेल्या फांद्या दाबून वाळवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या, खाली चिठ्ठी लावायची: झाड कोणतं, गाव कोणतं, फांदी कुणी तोडली. इंग्रजांच्या काळातल्या फांद्या अजून आहेत आणि तोडणाऱ्यांची नावंही. मी आता पाण्याला 'जोल' म्हणते, बाजारात बांगलातून घासाघीस करते, माशाचे काटे न बघता काढते. बाहेर पडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण फोनवर आप्पा सुमनबद्दलच बोलत. सुमन बागेत कामाला लागली, सुमननं बांधलेली पेरूची कलमं जगली. "लई गुणाचा हात हाय पोरीचा," ते म्हणत आणि मी इकडं रिसीव्हर घट्ट धरून "हो का" म्हणे. खोटं कशाला बोलू, जळायचे मी. बाप माझा आणि त्याची विद्या तिच्या पदरात.

एका उन्हाळ्यात मी रजेवर गेले, तेव्हा आमच्या साहेबांनी मुद्दाम सांगितलं, हिमायतबागेतल्या खिरणीची फळांसकट फांदी आणा. मला तर हेच हवं होतं. आप्पांच्या खिरणीखाली माझं नाव कायमचं लागणार होतं. आप्पा थकले होते, तरी काठी टेकत झाडापर्यंत आले. मी फांदी तोडायच्या आकडीला हात घातला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई. तुझा हात आता कागदाचा झाला. सुमन तोडंल." सुमननं आकडी एकदाच अडकवली आणि पिवळ्या फळांची फांदी अलगद तिच्या ओंजळीत आली. तिनं ती हसत मला दिली. आप्पा तिच्याकडंच बघत होते.

कलकत्त्याला फांदी चिकटवून झाली आणि चिठ्ठीपाशी माझा हात अडला. आमच्याकडची रीत पक्की आहे. ज्यानं तोडली त्याचं नाव. घर तिचं, बाग तिची, आता माझ्या कपाटातही तीच येऊन बसणार. माझं नाव लिहिलं असतं तरी विचारणारं कुणी नव्हतं. शेवटी न राहवून मी सुमनलाच फोन लावला.

"अवो वन्सं, तुमचंच लिवा की," ती म्हणाली. "मला काय करायचं हाय त्याचं? आन् ठेवते आता, आप्पा जेवायला थांबलेत."

तिनं फोन ठेवला. ती भांडली असती, निदान जरा घुटमळली असती, तर मी माझं नाव खुशाल लिहिलं असतं. पण तिला त्या चिठ्ठीची गरजच नव्हती. घर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. ज्याच्याकडं ते असतं, त्याला ते कुठं लिहून ठेवावं लागत नाही.

मी सुमनचंच नाव लिहिलं, पूर्ण, आमच्या आडनावासकट. रीत आहे म्हणून, असं ऑफिसात सांगितलं. खरं कारण एवढंच, की तिनं सहज देऊन टाकलेलं घेणं माझ्या जिवावर आलं.