खोटी जाग

ऑफिसात त्याला झोपमोड्या म्हणायचे. कामच तसं होतं. झोपलेला कॉम्प्युटर कीबोर्डने उठत नसेल, किंवा कुणी न उठवता उठत असेल, तर कर्नलमध्ये, म्हणजे यंत्राच्या गाभ्यात शिरून दोष शोधायचा. यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आई गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी तो घरूनच कामाला बसला. भूक लागत होती, झोप लागत होती, रडू तेवढं येत नव्हतं, आणि त्याचंही त्याला फारसं काही वाटत नव्हतं.

शेजारच्या खोलीत बाबा असायचे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती आणि उजवा अंगठा तेवढा हलायचा. अंगठ्याखाली कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेलं बटण होतं. पडद्यावर अक्षरं सरकायची, हवं ते आलं की दाबायचं, शब्द जुळला की कॉम्प्युटर बोलायचा. एकदा दाबलं की अंगठ्याला तीन मिनिटं विसावा लागे आणि कॉम्प्युटर तर दोन मिनिटांत झोपायचा. म्हणून आई शेजारी बसून कीबोर्डला बोट लावत राहायची.

ती गेल्यापासून तो कॉम्प्युटर दुपारचा आपोआप उठू लागला. पंखा घरघरायचा, अक्षर एकही उमटायचं नाही आणि दोन मिनिटांत पुन्हा झोप. झोपमोड्याने बाबांना काही विचारलं नाही, सवयीने लॉग, म्हणजे यंत्राची नोंदवही उघडली. एका दुपारी नऊ वेळा, एकाच पोर्टवरून, बटण जोडलं होतं त्या. उठला पण टाइप काहीच झालं नाही, म्हणजे खोटी जाग, हा त्याच्या धंद्यातला ठोकताळा. त्याने बटणाचा उठवण्याचा अधिकारच काढून घेतला आणि घर शांत झालं. सकाळ-संध्याकाळ देखभालीच्या मावशी यायच्या, त्या कीबोर्डला बोट लावत बसायच्या तेवढ्यात बाबा पाणी-औषध मागायचे. हा दारातूनच "बरंय ना बाबा?" विचारायचा आणि उत्तर जुळायच्या आत निघून जायचा.

आई गेल्याच्या अकराव्या दिवशी एका ग्राहकाची तक्रार आली, की झोपलेल्या यंत्रावर पहिलं बटण वाया जातं. तो उत्तर लिहू लागला. हा दोष नाही, पहिल्यांदा दाबलेलं उठवण्यातच खर्च होतं, अक्षर म्हणून पोचत नाही, तेव्हा यंत्र जागं झालं की लगेच पुन्हा दाबा.

'लगेच पुन्हा' लिहिताना त्याचा हात थांबला. लगेच पुन्हा दाबणं बाबांच्या अंगठ्याला जमणारं नव्हतं, तो विसावेपर्यंत यंत्र झोपलेलं असायचं. नऊच्या नऊ हाका खऱ्या होत्या, आणि त्याने दोष म्हणून त्या बंद करून टाकल्या होत्या. त्याला लाज वाटली, पण तीही दुसऱ्या कुणाची असावी तशी, लांबून.

त्याने उठून बाबांच्या खोलीत बटण पूर्ववत केलं, कॉम्प्युटरची झोपच बंद केली आणि खुर्ची ओढून बसला.

"दाबा, बाबा. आता नाही झोपणार तो."

बाबांनी नजर छतावरून पडद्याकडे वळवली. मग अंगठा हलला. एकेक अक्षर यायला तीन-तीन मिनिटं लागत होती. पाणी मागायच्या त्याच आवाजात कॉम्प्युटर म्हणाला, "रडलास का?"

"नाही," तो म्हणाला.

अंगठा पुन्हा अक्षरं वेचू लागला. त्याने घाई केली नाही. कॉम्प्युटर म्हणाला, "मीही नाही."